जुईचा घसा जांभळा

"आ कर, जुई. नीट. जीभ बाहेर."

"आऽऽऽ."

पांढऱ्या डबीवरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि जांभळा झाला.

जुईला भलताच आनंद झाला. "आई, माझा जांभळा आला! शाल्मलीताईचा रोज नुसता हिरवा येतो."

माझ्यामागे वृंदाताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, शाल्मलीच्या वेणीची रिबीन दातात धरून उभ्या होत्या. त्यांनी रिबीन काढली, शाल्मलीचा दंड धरला आणि तिला भिंतीकडे ओढलं.

"मशीन बिघडलं असेल गं," त्या म्हणाल्या. पण दंड काही सोडला नाही.

मी जुईला पुन्हा आ करायला लावलं. पुन्हा जांभळा. मग स्वतः केला. हिरवा. मशीन बिघडलेलं नव्हतं.

मिरजेतलं आमचं घर दुमजली आहे. खाली वृंदाताई, भाऊजी आणि त्यांची नऊ वर्षांची शाल्मली. वर मी, निनाद आणि सहा वर्षांची जुई. भाऊजी रेल्वेत, त्यामुळे निम्मा महिना बाहेर. स्वयंपाकघर मात्र एकच, खालचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, दोन बायका आणि एक ओटा, कसं निभायचं? निभलं. इतकं निभलं की दोन्ही मुलींना आपली आई नेमकी कुठली, याने फारसा फरक पडत नसे. पोळी गरम जिच्याकडे, तिच्याकडे त्या जात.

मशीनचं सरकारी नाव कंठपरीक्षक. ते कुणी घेत नाही, सगळे आ-मशीन म्हणतात. आता प्रत्येक शाळेच्या दारात ते असतं आणि पोरं रांगेने त्यात आ करून आत जातात. घरी मात्र शाल्मलीसारखं मूल असेल तरच मिळतं. तिच्या हृदयाची एक झडप गळकी आहे. चार वर्षांपूर्वी, मशीन यायच्या आधी, तिचा घसा दुखला होता. नुसता घसाच तर दुखतोय, असं आम्ही सगळेच म्हणालो होतो.

मी अर्थशास्त्राची पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. पण मूल झालं की माणूस पुन्हा अभ्यासाला बसतो. शिवाय डॉक्टर मुजावर मॅडम विचारलेलं सगळं सांगतात, न कंटाळता.

त्यांनी एकदा समजावलं होतं ते असं. घसा दुखण्याची बहुतेक कारणं विषाणूंची. नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो, आणि आठवडाभरात आपोआप बरं वाटतं. तिथे अँटिबायोटिक देऊन उपयोग शून्य. पण काही वेळा कारण असतं स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. तेव्हा ताप एकदम चढतो, गिळताना सुया टोचल्यासारखं होतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके येतात, जबड्याखाली गाठी हाताला लागतात आणि खोकला बहुधा नसतो. हे सगळं जमलं तरी तो संशयच. खात्रीसाठी घशात फिरवलेला कापसाचा बोळा तपासावा लागायचा, आणि तो तपासायला सगळ्यांनाच सवड नसायची.

मशीनने ती खात्री दिली. आ करताना श्वासाबरोबर घशातले अतिसूक्ष्म थेंब बाहेर येतात. मशीनच्या आत केसाहून बारीक नळ्या आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर एकेक जंतू ओळखणारे रेणू बसवलेले आहेत. जंतूचा तुकडा आपल्या रेणूला चिकटला की तिथला विजेचा प्रवाह किंचित बदलतो. आणखी काही नळ्या जंतू बघतच नाहीत. घशाला दाह झालाय का, म्हणजे शरीर लढतंय का, एवढंच त्या बघतात. म्हणून रंग चार. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे विषाणू. लाल म्हणजे स्ट्रेप्टोकोकस आहे आणि शरीर त्याच्याशी लढतंय.

आणि जांभळा म्हणजे तो आहे, पण लढाई नाही. येऊन राहिलाय. पाहुण्यासारखा.

"वाहक म्हणतो आम्ही अशा मुलांना," मुजावर मॅडम म्हणाल्या. जुई त्यांच्या टेबलावर पाय हलवत बसली होती. "कुठल्याही वर्गात दहाला एखादं पोर असतंच असं. पूर्वीही असायचं केतकी, फक्त आपल्याला ठाऊक नसायचं. हिला काही झालेलं नाही, शाळासुद्धा फक्त लालला अडवते. बहुधा होणारही नाही. हिच्याकडून दुसऱ्याला जायची शक्यता आजारी मुलापेक्षा पुष्कळ कमी."

"कमी म्हणजे किती?"

"कमी. शून्य नाही."

दुसऱ्या कुणाच्या घरात ते कमी पुरलं असतं.

मॅडमनी जुईला पेनिसिलिन दिलं. दिवा हिरवा झाला, आम्ही शिरा केला, आणि पुढच्याच आठवड्यात दिवा पुन्हा जांभळा. वाहकांच्या घशात जंतू पेशींच्या आडोशाला दडून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. दुसरं औषध दिलं, तेही गेलं वाया. मग त्यांनी जंतूची जनुकं तपासायला पाठवली आणि आम्हा दोघी जावांना एकत्र बोलावलं.

"जुईच्या घशातला जंतू पेनिसिलिनला मरतो," मॅडम म्हणाल्या, "पण शाल्मली रोज जी गोळी घेते, तिला तो दाद देत नाही."

शाल्मलीला पेनिसिलिनचं वावडं आहे. पहिल्याच इंजेक्शनला तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वास कोंडला होता. म्हणून पुन्हा संसर्ग होऊ नये यासाठी तिला ही दुसरी गोळी, सकाळ-संध्याकाळ. ती गोळी म्हणजे शाल्मलीच्या दारातला पहारेकरी. आणि नेमका त्याला न जुमानणारा जंतू आमच्या जिन्यावरून वर-खाली करत होता, दोन वेण्या घालून.

"आणि तिला झालंच तर?" वृंदाताईंनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं.

"तर औषध आहे. एक राखीव औषध आहे, ते याच्यावर चालतं. भीती जंतूची नाही वृंदा. भीती शाल्मलीच्या शरीराची आहे." मॅडमनी टेबलावरचं हृदयाचं प्लॅस्टिकचं मॉडेल जवळ ओढलं. "या जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन हृदयातल्या प्रथिनासारखं दिसतं. चोराचं वर्णन घरातल्याच माणसाशी जुळावं, तसं. शरीर चोरासाठी शस्त्रं बनवतं आणि ती झडपांवर जाऊन पडतात. सगळ्यांचं होत नाही असं. हिचं एकदा झालंय. दुसऱ्यांदा झालं तर झडप आणखी गळणार."

"मग ते राखीव औषध जुईला द्या ना," वृंदाताई म्हणाल्या. "मुळातूनच जाऊ दे की तो."

माझ्याही ओठांवर तेच होतं.

"नाही देता येत. आजारी माणसासाठी राखून ठेवलंय ते, कुलपात आहे. धडधाकट वाहकांना वाटत सुटलो, तर वर्षभरात त्यालाही न जुमानणारे जंतू निघतील. मग शाल्मलीला मी काय देऊ?"

"पण मॅडम, या दोघी एका घरात राहतात," मी म्हणाले.

"माहीत आहे गं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "किती दिवस राहील विचाराल, तर तेही सांगता येत नाही. महिना. वर्ष. एखाद्या दिवशी आपलाआपण जाईल."

परतताना रिक्षात आम्ही दोघी दोन कडांना बसलो. मधे आमच्या पिशव्या.

*

वृंदाताई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, तर ओट्यावर जुईचं ताट, वाटी, फुलपात्र वेगळं काढून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला.

"केतकी, वरच्या बाल्कनीत तुझा ओटा बसेल का गं?"

"बसेल ताई."

"रागावू नकोस."

"नाही ताई."

चूल वेगळी झाली. शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी दोन दिवसांत गाठलंच. "काय गं, जमत नव्हतं वाटतं दोघींचं? बाहेरून तर अगदी बहिणी-बहिणी." मी हसले. काय सांगणार? एका चिमुरडीच्या श्वासावरून घर दोन भागांत वाटलं गेलं, म्हणून?

निनाद म्हणाला, "भाड्याने घर बघू या. थोडे दिवसच तर जायचंय." फोन करून तीन घरं विचारली. तिन्ही ठिकाणी घरमालकांनी जात विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारला, मुलीचा रंग कुठला? इमारतीत लहान मुलं आहेत, तुम्ही समजून घ्या. तिसऱ्यांना मी म्हटलं, तुमच्या इमारतीतल्या मुलांनाही आ करायला सांगा, दोन-तीन जांभळी निघतील. त्यांनी फोन ठेवला.

मग मी आईला फोन केला. साताऱ्याला माझं माहेर.

"ये की," आई म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "फक्त तुझ्या वहिनीचं बाळ दोन महिन्यांचं आहे गं. ती काही म्हणणार नाही, पण मलाच धीर होत नाही. तू ये. जुईला निनादपाशी ठेवून ये हवं तर."

माझ्याच आईने मला माझ्या मुलीशिवाय बोलावलं आणि मी तिच्यावर चिडूसुद्धा शकले नाही. तिच्या जागी मी काय केलं असतं, ते मला माहीत होतं.

जुईला आम्ही कमीत कमी शब्दांत सांगितलं. तुझ्या घशात एक किडा झोपलाय, तुला तो त्रास देत नाही, पण ताईला देईल. म्हणून ताईपासून लांब राहायचं. आणि उष्टं द्यायचं नाही, घ्यायचं नाही. पाण्याच्या बाटलीचं नाही, खाऊचं नाही, कशाचंच नाही. ती मान डोलवत होती. ती फार शहाणी आहे, हीच तर अडचण.

एकदा शाळेत जाताना ती जिन्यावरून गाल फुगवून, लालबुंद होऊन उतरत होती. खाली पोचल्यावर रस्त्यावर जाऊन तिने भसकन श्वास सोडला.

"काय चाललंय हे?"

"मोठी आई दारात होती ना, आणि ताई पण. म्हणून मी श्वास घेतलाच नाही."

दारात वृंदाताई होत्याच. त्यांनी ऐकलं. त्या आत गेल्या आणि मला मिक्सरचा आवाज आला. भांडं रिकामंच फिरवल्यासारखा.

*

शनिवारची दुपार होती. शाळा लवकर सुटली होती. वृंदाताई बँकेत गेल्या होत्या, शाल्मली खाली चित्रं काढत होती, जुईला मी गच्चीत खेळायला सोडलं होतं. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. एक डोळा गच्चीच्या दारावर. कपडे घालताना, भाजी चिरताना, फोनवर बोलताना, माझा एक डोळा तिकडेच असायचा. तरी किती वेळ ती दिसली नव्हती, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मागच्या जिन्यावरून कुजबुज ऐकू आली. मी वाकून बघितलं.

दोघी मधल्या पायरीवर बसल्या होत्या. जुईच्या हातात चिंचेची गोळी. तिने ती फ्रॉकच्या घेरात नीट गुंडाळली, वरून कापडासकट दाताने कटकन तोडली आणि अर्धा तुकडा शाल्मलीच्या तळव्यावर ठेवला.

"चिमणीच्या दातांनी आहे हं," जुई म्हणाली. "उष्टं नाहीये."

"काकूने नको सांगितलंय ना पण?"

"उष्टं नाही द्यायचं असं सांगितलंय. हे उष्टं कुठाय? मधे फ्रॉक आहे."

शाल्मलीने विचार केला. तिला ते पटलं आणि तुकडा तोंडात गेला. मलाही लहानपणी पटायचंच की. आम्ही सगळ्यांनी असंच वाटून खाल्लेलं, पेरू, आवळे, लिमलेटच्या गोळ्या. कापड मधे असलं की उष्टं होत नाही, हे आम्हाला कुणी कधी शिकवलं नव्हतं, आणि ते कुणाला माहीत नाही असंही नव्हतं. फ्रॉकचा तो घेर थुंकीने ओला झाला होता. मला वरून दिसत होता.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शाल्मलीने दचकून गोळी गिळून टाकली.

वृंदाताई फाटकातून आत आल्या तेव्हा मी फाटकातच उभी होते. चप्पल काढायच्या आत मी त्यांना सगळं सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चिमणीच्या दातांनी?"

"हो ताई."

"मीच शिकवलंय त्यांना." त्या पायरीवर खाली बसल्या. "दिवाळीत. एकच करंजी उरली होती, दोघी भांडत होत्या, म्हणून."

"ताई, मला कुणीच शिकवलं नव्हतं. आपोआप येतं ते."

त्यांनी ऐकलं नसावं. जुई माझ्यामागे उभी होती, आणि आपलं काय चुकलं हे तिला खरंच कळत नव्हतं. उष्ट्याचा नियम तिने पाळला होता. आम्ही ज्या शब्दांत सांगितला, अगदी त्या शब्दांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीचा दिवा हिरवा आला. त्याच्या पुढच्या दिवशी हिरवा. मुजावर मॅडम म्हणाल्या, वाट बघा. दिवा लाल झाल्याशिवाय कुलूप उघडत नाही. मी रोज सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून खालचा "आऽऽ" ऐकायचे आणि ताईंचा आवाज यायची वाट बघायचे. "हिरवा," त्या म्हणायच्या. मला सांगायच्या की स्वतःला, कोण जाणे.

मग एके सकाळी "आऽऽ" झालं आणि पुढे काहीच आलं नाही.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. कुलूप उघडलं, राखीव औषध सुरू झालं. शाल्मलीचा घसा धड दुखतही नव्हता, तापही नाही. मशीन नसतं, तर आम्हाला पत्ताच लागला नसता. मी ते बोलूनही दाखवलं, धीर द्यायला म्हणून.

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "लवकर सापडलं. एखाद्या मुलाला पहिल्यांदाच झालं असतं, तर मी हसत घरी पाठवलं असतं. पण हिचं शरीर आधीच एकदा शिकलेलं आहे. अशा मुलांमध्ये वेळेवर औषध देऊनही कधीकधी..." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "दोन-तीन आठवडे नजर ठेवा. सांधे सुजले, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात गेलं, ताप आला, दम लागला, तर लगेच आणा. मागच्या वेळी गुडघ्यापासूनच सुरू झालं होतं ना?"

"उजव्या," वृंदाताई म्हणाल्या.

"आणि मशीन?" मी विचारलं. "मशीनवर दिसेल ना काही?"

"मशीन घसा बघतं, केतकी."

काही दिवसांत शाल्मलीचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. जुईचा जांभळा. आता त्या दोन्ही दिव्यांना काही अर्थ उरला नव्हता. जे काही व्हायचं होतं, ते त्या पोरीच्या रक्तात ठरत होतं, किंवा ठरून गेलं होतं, आणि ते बघायला कुणी काही बनवलं नव्हतं. वृंदाताईंनी शाल्मलीचं खेळणं बंद केलं, मग चालू केलं. दुखलं की नाही हे कळायला ती धावायला तर हवी. दिवसातून कितीदा तरी विचारायच्या, "दुखतंय का गं कुठे?" शेवटी शाल्मली वैतागली. "आई, तू विचारलंस की दुखतं."

माझ्याशी त्या बोलत होत्या. भाजीवाला आलाय, नळाला पाणी आलंय, इतकं. शाल्मलीच्या जवळ मात्र मला येऊ देत नव्हत्या. माझा दिवा हिरवा होता तरीही. मी ज्या अंथरुणातून उठून यायचे, त्यात जुई झोपायची.

आणि मग रविवारी सकाळी खालून हाक आली.

"केतकी! खाली ये. लवकर ये."

मी बादलीत कपडे पिळत होते. तशीच धावले. शाल्मली दिवाणावर बसली होती, उजवा पाय लांब करून. वृंदाताई गुडघे टेकून तिच्यासमोर. गॅसवर पोळी करपल्याचा वास येत होता.

"दुखतोय म्हणते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"काल लंगडी खेळले मी, काकू," शाल्मली म्हणाली. "पुष्कळ वेळ."

"कुठल्या पायावर?"

"दोन्ही. आलटून पालटून. आठवत नाही."

"सुजलाय का?" मी विचारलं.

"मघापासून बघतेय. कधी वाटतं सुजलाय, कधी वाटतं नाही." ताईंनी मागे सरून माझ्यासाठी जागा केली. "तू हात लावून बघ गं, गरम आहे का. मी तव्यासमोरून आलेय, माझ्या हाताला काही कळेना."

कितीतरी दिवसांनी त्यांनी मला तिच्याजवळ येऊ दिलं होतं. मी खाली बसले. पदराला हात पुसले आणि तळवा तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. गरम लागला.

मग लक्षात आलं, माझे हात गार पाण्यातून आले होते. बोटं पांढरी पडली होती. अशा हाताला सगळंच गरम लागतं.

मी दुसरा हात तिच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. तोही तसाच लागला.

"काय गं?" ताईंनी विचारलं. "सांग की."

मी दोन्ही हात तिथेच ठेवून ते ऊब धरायची वाट बघत राहिले.